प्रणयनृत्य : अतिरिक्त कार्यभार

पक्षी उद्यानाच्या आस्थापना विभागात मी कारकून आहे. इतरांच्या रजा नाकारणं हे माझं काम, आणि ते मी मन लावून करतो. इतकं, की बायको भावाकडे निघून गेली हे माझ्या ध्यानात यायला दुसऱ्या दिवशीच्या चहाची वेळ उजाडावी लागली. जाण्याआधी ती दारात उभी राहून बरंच काही बोलली होती म्हणे. मी समोरच होतो, पण पेपर वाचत होतो. नंतर फोन केला, तर मेव्हण्याने ताई बोलणार नाही म्हणून कळवलं. घर खायला उठतं. ती परत यावी, एवढंच मला हवं होतं.

अशातच उद्यानातली क्रौंच मादी माझ्यावर भाळली. यात माझा काडीचा गुण नाही. तिला पिल्लू असल्यापासून माणसांनी वाढवलं, त्यामुळे ती स्वतःला आमच्यातलीच समजते. तिच्यासाठी आणलेला देखणा नर नाचून नाचून अर्धा झाला. तिने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मी मात्र डबा घेऊन जाळीजवळून गेलो, की मान लववायची आणि पंख पसरायची. पसंत पडलेल्या नराने नाचून दाखवल्याशिवाय ही अंडं घालणार नाही, असं उद्यानातल्या पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंचं निदान पडलं. नाच यांनी करावा, पुढचं फलनाचं मी सुईने बघते, असं त्यांनी संचालकसाहेबांना सांगितलं.

साहेबांनी तातडीने आदेश काढला. विषय : प्रणयनृत्य, अतिरिक्त कार्यभार. माझ्याऐवजी शिपायाला माझा सदरा घालून आत सोडण्याचा प्रयोग झाला, पण तिने त्याला चोच मारली. सबब, मला रजा देता येणार नाही असं टिपण तयार करावं लागलं, आणि ते अर्थातच मीच केलं.

“नाचताना तिच्याकडे बघा,” साहेब म्हणाले. “फायलीकडे बघितल्यासारखं नको.”

पहिल्या दिवशी दोन उड्या मारल्या आणि कंबर धरून बसलो. मग डॉक्टरीणबाईंनी शिकवणी लावली. आधी मान झुकवायची, मग उसळी घ्यायची, मग काडी हवेत उडवायची, आणि तिने साद घातली की तत्काळ ओ द्यायची. हे शेवटचं महाकठीण. घरी मला चार हाका मारल्याशिवाय ऐकू जात नसे. इथे जरा उशीर झाला, की मादी पाठ फिरवायची आणि माझ्या गोपनीय अहवालात शेरा पडायचा. शेरा म्हटल्यावर मी सुधारलो. केस कापले, सदऱ्याला इस्त्री केली, आज ती गप्प का याची सकाळ-संध्याकाळ चौकशी करू लागलो. बघ्यांची गर्दी वाढली. पेपरात फोटो छापून आला, खाली ‘आदर्श जोडीदार’ असं लिहून. खोटं कशाला बोलू, मी त्याची कात्रणं काढून ठेवली.

फोटो बघून बायको आली. जाळीबाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली. तिला पाहिलं आणि माझ्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. त्या दिवशी मी जो नाचलो, तो केवळ तिच्यासाठी. गर्दीने टाळ्या वाजवल्या. मी घामाघूम होऊन जाळीपाशी गेलो. तिचे डोळे भरले होते.

“अहो, मला उड्या नको होत्या,” ती म्हणाली. “मी बोलत असताना नुसतं वर बघितलं असतंत ना, तर मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नसतं. आता तरी बघाल का?”

लग्नानंतर प्रथमच योग्य उत्तर माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. इतक्यात मागून मादीने साद घातली, आणि मी तत्काळ वळून ओ दिली.

पुन्हा जाळीकडे पाहिलं, तेव्हा बाक रिकामा होता.

मादीने त्याच आठवड्यात अंडं घातलं. मला प्रशस्तिपत्रक मिळालं. साहेबांनी स्वतः वाचून दाखवलं. घरी नेलं, पण दाखवणार कुणाला?

तुम्हाला हसू येत असेल. हसा, माझी हरकत नाही. फक्त हे वाचत असताना आतल्या खोलीतून कुणीतरी तुम्हाला काहीतरी विचारलं, ते काय होतं तेवढं आठवतंय का बघा.