मालतीकाकूंच्या पेन्सिलीच्या सह्या

अमेरिकेत शिकागोजवळच्या नेपरव्हिलला मालतीकाकूंकडे गेलात तर चपला दाराबाहेर काढायच्या आणि खिशातलं पेन दारातल्या स्टीलच्या डब्यात टाकायचं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला ती थट्टा वाटली. काकूंनी सरळ माझा खिसा तपासला.

कारण काकू जुन्या बेसबॉल खेळाडूंच्या सह्या जमवतात, त्याही फक्त पेन्सिलीच्या. घरात शाई नको. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जन्मभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेली ही बाई रिटायर झाली आणि थेट या नादाला लागली. खेळाशी संबंध म्हणाल तर शून्य. टीव्हीवर मॅच लागली की त्यांना झोप येते. पण सही दाखवा, लगेच टॉर्च तिरका धरतील, भिंगातून बघतील आणि शिसं कागदावर कसं चकाकतं ते तुम्हाला दाखवतील. मी तर थक्क होऊन बघत राहतो.

"शाई उन्हाने उडते रे. पेन्सिल नाही उडत. तिला फक्त माणसाचं बोट पुसतं."

त्यांच्या मते शाईची सही टेबलाशी ऐटीत बसून केलेली. पेन्सिलीची म्हणजे मैदानाच्या कठड्यापलीकडून कुणी तरी हाक मारली आणि खेळाडू जाता जाता थांबला. तो थांबला, याचंच काकूंना अप्रूप. सही खरी निघाली की एवढंच म्हणतात, "ओरिजिनल आहे." यापलीकडे कौतुक करायची त्यांची पद्धत नाही.

एकदा शिकागोहून एक हौशी गृहस्थ जुना बॉल घेऊन आले. पुसट झालेली सही कुणी तरी शाईने गिरवली होती. काकूंनी बॉल दोन बोटांत धरून परत दिला. "गिरवलीय. डेड आहे ही." त्या गृहस्थांना चहा मिळाला, चिवडा नाही.

शाईचा परवाना त्या घरात एकाच माणसाला होता. काकूंचे यजमान अशोककाका यांना स्ट्रोक आला आणि उजवा हात रुसला. थेरपीसाठी जाड रबरी मुठीचं एक पेन आलं. काकू पेन्सिलीने अक्षरं काढून द्यायच्या आणि काकांनी ती पेनने गिरवायची, आपण लहानपणी पाटीवर गिरवायचो तशी. पण काका पडले पूल बांधणारे इंजिनिअर. दोन अक्षरं झाली की चिडून पेन टाकून द्यायचे. एक नाव काही पूर्ण होत नव्हतं. काकू नवा कागद घ्यायच्या.

गेल्या हिवाळ्यात 'ती' सही आली. एका जुन्या टीममधल्या सगळ्यांच्या सह्या काकूंकडे होत्या, एक राखीव कॅचर, म्हणजे बेसबॉलचा विकेटकीपर, सोडून. बिचारा कायम बाकावर बसलेला, त्याला हाक मारणार कोण? वर्षानुवर्षं शोधून अखेर त्याची सही मिळाली, म्हणून काकूंनी मला मुद्दाम बोलावलं. कागद डायनिंग टेबलावर ठेवून त्या मला अल्बममधली रिकामी जागा दाखवायला बेसमेंटमध्ये घेऊन गेल्या.

वर आलो तर काका टेबलाशी बसलेले. पेन्सिलीची अक्षरं दिसली, म्हणजे हाच आजचा अभ्यास, असं समजून त्यांनी ते अख्खं नाव निळ्या शाईने गिरवलं होतं.

"झालं," ते म्हणाले आणि शाबासकीसाठी काकूंकडे बघू लागले.

काकूंनी टॉर्च तिरका धरला आणि कितीतरी वेळ त्या भिंगातून बघत राहिल्या.

"शेवटपर्यंत गेलात हो," त्या म्हणाल्या. "एकदाही पेन टाकलं नाहीत."

काकूंनी तो कागद काकांपुढे सरकवला आणि कॅचरच्या नावाखाली बोट ठेवलं. "आता इथे तुमची करा. पेन्सिलीने काढून देणार नाही हं."

काकांनी बराच वेळ घेतला. सही उताराला लागली, मधलं एक अक्षर सुटलं. काकूंनी सवयीने टॉर्च धरला, भिंग मात्र उचललं नाही.

"ओरिजिनल आहे," त्या म्हणाल्या.