खिडकीतून न पडलेलं बदक

"मी हे बदक फेकणार नाही," बॅरनची भूमिका करणारे नट लोरांत केमेनी म्हणाले.

"काल तर फेकलंत," दिग्दर्शक गेलेर्ट वादास म्हणाला.

"काल माझा नाश्ता झाला होता."

युद्ध संपून तीन वर्षं झाली, तरी बुडापेस्टमध्ये मांस लांबच्या पाहुण्यासारखं कधीतरीच येई. वादासच्या चित्रपटात मात्र स्वयंपाकिणीवर चिडलेला बॅरन अख्खं भाजलेलं बदक खिडकीतून रस्त्यावर भिरकावतो. स्टुडिओ बॉम्बखाली गेलेला, म्हणून शूटिंग योझेफवारोश भागातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर.

आदल्या दिवशी बदक तालमीतच गेलं. केमेनींनी ते फेकलं आणि तळमजल्यावरच्या योलान मावशींनी एप्रनमध्ये अलगद झेललं. वादास धापा टाकत खाली पोचला, तोवर दाराला आतून कडी.

"मावशी, बदक द्या. सिनेमाचं आहे ते."

"कुठलं बदक?" आतून उत्तर आलं. तोंड भरलेलं होतं.

वादासने आपला ओव्हरकोट देऊन दुसरं बदक मिळवलं. पण बातमी गल्लीभर झाली होती. सकाळी खिडकीखाली अख्खी आळी उभी होती. कुणी टेबलक्लॉथ ताणून, कुणी बाळाचा टब घेऊन. गर्दी हटवायला पोलीस बोलावला, तर तोही टोपी उलटी धरून रांगेत उभा राहिला.

"राहू देत त्यांना," वादास वैतागून म्हणाला. "फेका आणि मोकळे व्हा."

कॅमेरामन अदोनने कॅमेरा खिडकीबाहेर काढून खाली वळवला. बदक पडताना दिसायला हवं होतं. कॅमेरा सुरू झाला. खालचे सगळे चेहरे वर झाले.

"फेका," वादास म्हणाला.

काही पडलं नाही.

"फेका हो, केमेनी. फिल्म जातेय."

मागून चावण्याचा आवाज आला. केमेनी पडद्याआड उभे होते, तोंडात तंगडी, डोळ्यांत पाणी.

"फिल्म संपली," अदोन म्हणाला.

"एका तंगडीचं चालेल का?" केमेनींनी विचारलं.

वादास भिंतीला टेकून खालीच बसला. द्यायला दुसरा कोट नव्हता.

महिन्याभराने पक्षाकडून चित्रपट तपासायला कॉम्रेड बोद्रोगी आले. हसायच्या जागी ते घड्याळ बघत, रडायच्या जागी जांभई देत. तेवढ्यात पडद्यावर ती गल्ली आली. वर लागलेले डोळे, पसरलेले एप्रन, उलटी टोपी. बोद्रोगी ताडकन उभे राहिले.

"हे काय आहे?"

"चूक आहे, साहेब. काढतो," वादास पुटपुटला.

"बॅरनला काढा. चित्रपट इथेच संपवा. जनता भविष्याकडे बघतेय, आणि पोलीससुद्धा तिच्याबरोबर आहे. हे सुचलं कसं तुम्हाला?"

"आतून आलं," वादास म्हणाला. मागच्या रांगेत केमेनींनी तोंड उघडलं, तशी अदोनने त्यांच्या पायावर पाय दिला.

पहिल्या खेळाला गल्लीतल्या लोकांना मानाने पुढे बसवलं होतं. शेवटच्या दृश्याला ती सगळी मंडळी रुमालात तोंड खुपसून हलत होती. बोद्रोगींना वाटलं, गहिवरली. दिवे लागल्यावर त्यांनी योलान मावशींना मंचावर नेलं.

"सांगा माई, वर बघताना तुम्हाला काय दिसत होतं?"

मंचावर शेजारीच उभ्या असलेल्या वादासने डोळे मिटून घेतले.

"उद्याचा दिवस, कॉम्रेड," मावशी म्हणाल्या.

बोद्रोगींनी टाळ्या वाजवल्या, मागोमाग सगळं थिएटर उठलं. त्या कडकडाटात मावशींचं पुढचं वाक्य फक्त वादासला ऐकू आलं.

"खरपूस भाजलेला."