दामूकाका गडावर जात नाहीत

आमच्या किन्हवलीतले दामूकाका रविवार आला की माहुली गडाला जायला निघतात आणि गडावर कधीच जात नाहीत. पायथ्याशी पोचले की ते गडाला "बरा हायेस ना?" असं विचारतात, उत्तराला पुरेसा वेळ देतात आणि मग गड उजव्या हाताला ठेवून खालूनच चालू लागतात. देवळाला घालावी तशी प्रदक्षिणा.

काकांची पिठाची गिरणी आमच्या घराला लागून. दळण घेऊन येणाऱ्याला गडाबद्दल चार शब्द ऐकल्याशिवाय पीठ मिळत नाही. वर चढणाऱ्यांविषयी काकांचं मत वाईट. "कुणाकडं पावणे गेलो तर आपण त्याच्या डोक्यावर बसतो का?" शिवाय वर गेलं की गड दिसतच नाही, दिसतं ते आपलंच गाव, आणि ते तर घरबसल्या दिसतं.

वाटेत एका जागी ते बरोबर आलेल्या आम्हाला गडाकडे पाठ करून बसवतात. सारखं कुणी टक लावून बघितलं तर त्यालाही अवघडल्यासारखं होतं म्हणे. फोटोला आधी गडाची परवानगी लागते. माथ्यावर ढग असला तर "डोक्यावर टॉवेल घेतलाय, आज मूड नाय," म्हणून मोबाइल खिशात ठेवायला लावतात.

गेल्या हिवाळ्यात माझा मेहुणा विनय डोंबिवलीहून आला होता. त्याला आणि माझ्या बायकोला घेऊन मी काकांबरोबर निघालो. भात कापून झालेलं, खाचरांत वाल हिरवा झालेला, वर सुळक्यांवर कोवळं ऊन. विनयने नवे ट्रेकिंगचे बूट घातले होते आणि ते सपाटीवर वाया चालल्याचं त्याला दुःख होतं. अर्ध्या वाटेत तो "आलोच" म्हणून एका घळीत शिरला.

तो आला नाही. दिसला तेव्हा वर एका कातळाला मिठी मारून उभा होता. फार उंच नव्हता, पण खाली बघून गोठला होता. मी खालून डावा पाय, उजवा पाय सांगत राहिलो. पायांचा विषय काढू नका, एवढंच तो म्हणाला. बायको रडायला लागली. मी जवळच्या वाडीवरून माणसं आणायला निघालो, तोवर काकांनी चपला काढल्या आणि घळीत पाऊल टाकलं.

मीही मागे गेलो. काका चार पायांवर चढत होते. मधेच बसायचे, डोळे मिटायचे, काहीतरी पुटपुटायचे. पिठाळलेला सदरा घामाने चिकटला होता. शेवटी ते विनयच्या शेजारी टेकले आणि त्यांनीही तोच कातळ घट्ट धरला.

"मला पण लय भीती वाटते उंचीची," ते म्हणाले. "लहानपणापासनं. कुणाला बोललो नाय. चल, दोघं मिळून घाबरू."

विनयने पहिल्यांदाच मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग दोघं हात धरून, बसूनच घसरत, प्रत्येक दगडावर थांबून नीट घाबरून घेत खाली आले. दोघांच्याही पँटी मागून फाटल्या.

खाली आल्यावर काकांनी माझ्याकडे न बघता विनयला सांगितलं, "इतकी वर्षं एकट्यानंच घाबरत होतो रे. आज सोबत मिळाली."

आम्ही डांबरी रस्त्याला लागलो, एसटीच्या थांब्यावर पोचलो, तरी त्यांनी त्याचा हात सोडला नव्हता.