सातव्या प्रकरणातली कावेरी

गोष्टीतलं माणूस आजारी पडलं की शमुवेल सर उपास धरायचे. चहासुद्धा बंद. मी म्हणायचो, सर, आजारी कागदावरचं माणूस, मग तोंड तुमचं का सुकतंय? त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "जीव हाय आप्पा त्यो. म्या आणलाय, म्याच निस्तरायला पायजे."

गेवराईत चर्चच्या समोर माझा एसटीडी बूथ होता. घरोघरी फोन अजून आले नव्हते. पुण्याला कंपनीत लागलेल्या पोरांशी बोलायला माणसं माझ्याकडे रांग लावत. त्यांच्यात रोज संध्याकाळी एक गृहस्थ फोन न करता नुसतेच बाकावर बसत, ते शमुवेल सर. शाळेत गणित शिकवायचे, परळीकडून आलेले, एकटेच राहायचे. लग्न केलंच नाही असा गल्लीचा समज. आम्ही पडलो शिवभक्त, गळ्यात लिंग घालणारे. पण सरांचं लिखाण ऐकून घ्यायला त्यांच्या चर्चच्या मंडळीत कुणी तयार नसे, म्हणून ते माझ्या गळ्यात पडले.

एकदा त्यांनी पाटोद्याच्या घाटात एसटी उलटवायचं ठरवलं. आधी गाडीत माणसं बसवली. प्रत्येकाला नाव दिलं, गाव दिलं, कुणाच्या पिशवीत काय आहे तेही लिहिलं. झालं, मग हात उचलेना. शेवटी घाटाच्या अलीकडेच गाडी पंक्चर केली आणि सगळ्यांना भजी खायला घातली. मी म्हटलं, ही काय गोष्ट झाली? तर म्हणाले, "गोष्ट बिघडली, पर माणसं घरी गेली."

मरणाबाबत ते फार कडक होते. लेखकाला मरण फुकटात मिळतं म्हणून उधळायचं नाही, असं ते बजावत. आणि एकदा मेलेल्याला पुन्हा उठवायचं तर मुळीच नाही. तो अधिकार एकट्या प्रभूचा, त्यात आपण हात घालायचा नाही.

अशा माणसानं कावेरी नावाच्या बाईवर कादंबरी लिहायला घेतली. सातव्या प्रकरणात ती अंथरुणाला खिळली आणि सरांनी रात्रीच्या अर्ध्या भाकरीवर उपास धरला. एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. रविवारच्या उपासनेत पाळकसाहेब विचारतात, कुणासाठी प्रार्थना करायची? मग ज्याला त्याला उभं राहून आपल्या आजारी माणसाचं नाव सांगता येतं. सर उभे राहिले आणि म्हणाले, कावेरीसाठी. मंडळीला वाटलं, नात्यातलं कुणीतरी असेल. रविवारमागून रविवार सगळ्यांनी गुडघे टेकून तिचं नाव घेतलं.

बिंग फोडलं सुंदराबाईनं. चर्चची झाडलोट करायची आणि घंटा ओढायची, हे त्या म्हातारीचं काम. एका संध्याकाळी ती डब्यात पेज घेऊन माझ्या बूथवर आली आणि सरांना विचारू लागली, पोरगी कोणत्या दवाखान्यात हाय? सर कागदाबाहेर खोटं बोलत नसत. मान खाली घालून म्हणाले, "ती आजून सातव्या प्रकरणात हाय." म्हातारीनं विचारलं, तिथं पायऱ्या लई चढाव्या लागतात का?

हे सातवं प्रकरण कुठं आलं, असं तिनं पाळकसाहेबांनाच जाऊन विचारलं आणि मग जे व्हायचं ते झालं. देवाच्या घरात खोट्या बाईसाठी लोकांना गुडघे टेकायला लावले म्हणून पाळकसाहेब संतापले. माफी मागा म्हणाले. सरांनी उलट विचारलं, प्रभूनं दाखले म्हणून गोष्टी सांगितल्या, त्यातल्या माणसांची घरं कोणत्या गावात हायत? त्यांच्यासाठी तुमी दरसाल प्रवचनात कावून रडता? या उत्तरानं प्रकरण मिटायच्या ऐवजी चिघळलं. कावेरीचं नाव बंद झालं आणि सरांचं चर्चमध्ये जाणंही.

लिखाणही तिथंच अडलं. बीडच्या एका दिवाळी अंकाचे संपादक कादंबरी छापायला तयार होते. त्यांनी निरोप धाडला की बाईला एकदाची मारा आणि मोकळे व्हा. सर ना तिला मारत, ना बरी करत. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल पडू लागली. मला भीती वाटायला लागली की बाईच्या आधी हाच माणूस जातो. मी चिडून म्हणालो, "मारा नाहीतर जगवा, पण जेवा."

"ती मेलीय आप्पा," सर म्हणाले. "लई दिवस झाले."

मग त्यांनी सांगितलं. कावेरी त्यांची बायको. धर्मापुरीजवळच्या शेतकऱ्याची मुलगी, दोन्ही घरांना नको असताना केलेली. बाप्तिस्मा तिनं घेतला नाही. म्हणायची, तुमचा देव मला गोड लागतो, पर आईचा सोडवत न्हाई. ती गेली तेव्हा तिथल्या मंडळीनं घंटा वाजवली नाही, दफनभूमीत जागा दिली नाही. माहेरचे म्हणाले, आमची न्हाई. ओढ्याच्या काठाला सरांनी आणि दवाखान्याच्या ड्रायव्हरनं मिळून तिला मातीआड केलं.

"ती आजारी व्हती तवा म्या मंडळीत तिचं नाव काढलं न्हाई. मिशनच्या शाळेत नोकरी व्हती, भ्यालो," ते म्हणाले. "हितं समदे तिचं नाव घेत व्हते. म्हणून तिला मरू देईना."

मला राग आला तो तिथल्या मंडळीचा कमी आणि माहेरच्यांचा जास्त, कारण ते आमच्यासारखेच घरात देवपूजा करणारे. सुंदराबाई पोराला फोन लावायला आली तेव्हा मी तिला सगळं सांगून टाकलं. ती रांगेतून बाहेर पडली. फोन न करताच गेली.

रविवारी उपासना चालू होती आणि सर माझ्या बाकावर बसले होते. मध्येच घंटा वाजू लागली. उपासनेला बोलावणारी नव्हे. थांबून थांबून, माणूस गेल्यावर वाजते तशी. पाळकसाहेब झग्यासकट दारात धावत आले आणि कोण गेलं म्हणून विचारू लागले.

सुंदराबाईनं दोर सोडला नाही. "कावेरी गेली. सरांची बायको व्हती."

पाळकसाहेबांनी रस्त्यापलीकडे सरांकडे पाहिलं. दोराकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला. आतली माणसं एकेक करून बाहेर आली आणि घंटा थांबेपर्यंत उन्हात उभी राहिली. सरही उभे होते. एक हात त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला होता.

घंटा थांबल्यावर ते खाली बसले.

"आता जाऊ देतो तिला," म्हणाले. मग डोळे पुसून, "आप्पा, चहा सांगा."