काकूंच्या वतीने काका

आमच्या शेजारच्या राजारामकाकांकडे जाऊन तुम्ही "काकू, कशा आहात?" असं विचारलंत, तर उत्तर काका देणार. "बरी आहे. सकाळपासून गुडघा धरलाय." गुडघा काकूंचा, तक्रार काकांची. तिरुभुवनमच्या पेठेत रेशमी साडी घ्यायची काकूंना आणि रंग पसंत नाही म्हणून सांगणार काका. काकू शेजारी बसून नुसत्या हसतात.

याला कारण आहे. काकांचे पूर्वज मराठ्यांच्या काळात इकडे तमिळ मुलखात आले. काकू मात्र साताऱ्याच्या. लग्न होऊन कुंभकोणमला आल्या तेव्हा त्यांना तमिळचा गंधही नव्हता. भाजीवाली, कंडक्टर, शेजारीण, सगळ्यांशी त्यांच्या वतीने काकाच बोलत. पुढे काकू भाजीवालीशी भांडण काढून ते मिटवण्याइतकं तमिळ शिकल्या, पण काकांचं काम काही सुटलं नाही. "तिला कशाला विचारायचं? अमाला ठाऊक असतं," ते आपल्या इकडच्या जुन्या मराठीत म्हणायचे.

गेल्या वर्षी काकूंच्या गर्भाशयात मोठी गाठ निघाली. गाडी माझी, म्हणून डॉक्टरबाईंकडे मीही गेलो. कुठे दुखतं, झोप लागते का, काकांनी सगळं सांगितलं. बाईंनी जीभ दाखवायला सांगितली, तेव्हाही तोंड आधी काकांनी उघडलं.

दुर्बिणीतून ऑपरेशन करता येईल, टाके कमी, घरी लवकर, हे ऐकून काका खूश झाले. मग बाई म्हणाल्या, एक गोष्ट मात्र सांगायला हवी. एवढ्याशा भोकांतून गाठ अख्खी निघत नाही, तुकडे करावे लागतात. बहुतेक गाठी साध्याच असतात, पण क्वचित एखादीत कॅन्सर लपलेला असतो. तो आधीच्या तपासणीत कळेलच असं नाही, आणि तुकडे करताना तो पोटात पसरू शकतो. गाठ पोटातच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तुकडे केले तर धोका कमी होतो, पण संपत नाही. पोटावर मोठा छेद घेतला तर गाठ अख्खी काढता येते, मात्र दुखतं जास्त आणि बरेच आठवडे जपावं लागतं. काय करायचं?

सवयीने आम्ही सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काका चष्मा काढून पुसत बसले. शेवटी काकूच चोख तमिळमध्ये म्हणाल्या, मोठा छेद घ्या, अख्खी काढा.

ऑपरेशन चालू असताना आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. काका हळूच म्हणाले, "अमी चुकलो असतों, तर भोगायचं तिला."

गाठ अख्खी निघाली. काही दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता.

घरी आल्यावर काकूंना हात वर नेला की टाके ओढायचे. एका सकाळी मी इडल्या द्यायला गेलो, तर काका काकूंच्या खुर्चीमागे उभं राहून त्यांची वेणी घालत होते. पेड भलतीकडेच चालले होते.

"कशी जाली?" त्यांनी विचारलं.

काकूंनी वेणी खांद्यावरून पुढे घेऊन पाहिली. "वाकडी आहे."

काकांनी मोगऱ्याचा गजरा दातांत धरला, वेणी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून विंचरायला घेतलं.