मागची कनात

सुधाकरमामा कुठंही गेले की आधी बाहेर पडायची वाट शोधतात. माझा मुलगा झाला तेव्हा दौंडच्या दवाखान्यात बघायला आले. बाळाच्या आधी त्यांनी मागचा जिना बघून घेतला. मग बाळाच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, छान आहे.

न्हावऱ्यात ते माझ्या माहेरच्या शेजारी राहतात. एकटेच. उभं आयुष्य दिल्लीत दहशतवादाचा अभ्यास करण्यात गेलं. स्फोट झाला की तिथं जायचं, माणसं कुठं अडकली ते लिहायचं, आणि विमानतळांना, मोठ्या बाजारांना सुरक्षेचे सल्ले द्यायचे. गावात सल्ला कुणी मागत नाही, म्हणून ते न मागता देतात. डेअरीच्या दारातले दुधाचे कॅन त्यांनी चेअरमनला हलवायला लावले. इथं कोण येतंय बॉम्ब ठेवायला, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "शक्यता कमी हाय. शून्य न्हाई."

धाकट्या बहिणीच्या लग्नातही तेच. मंडपाला पुढं एकच दार, बाकी सगळीकडून कनाती. मामांनी सकाळीच स्टेजशेजारची मागची कनात सोडली. मंडपवाल्यानं बांधली. मामांनी पुन्हा सोडली आणि त्या फटीत खुर्ची टाकून बसले. ऊन पाहुण्यांच्या डोळ्यांवर यायला लागलं. आई वैतागली. बाकीचे हसत होते.

बुद्धवंदना झाली, वधूवरांवर फुलं पडली, आणि दारावरच्या कमानीत वायर चरचरली. बघता बघता कापड पेटलं. माणसं सवयीनं दाराकडेच धावली. तेवढ्यात माईकवर मामांचा आवाज आला, जेवायला बोलवावं इतका शांत.

"पुढं कुणी जायचं न्हाई. मागं या, मागं मोकळं हाय. पोरं उचलून घ्या."

सगळे मागच्या उसाच्या बांधावर निघालो. कमान गेली, निम्मा मंडप गेला, पण माणसाला साधा चटका बसला नाही. आई दिसेल त्याच्या तोंडावरून हात फिरवत सुटली.

आग विझल्यावर आमच्या अंगणात पंगत बसली. मंडपवाला मामांना स्वतः वाढायला आला, तर मामा पंगतीत नाहीत. ते मला गोठ्याच्या आडोशाला सापडले. लांबून जेवणाऱ्यांकडं बघत होते, डोळे भरलेले. जेवायला चला म्हटलं.

"आयुष्यभर मी झाल्यावर पोचलो, पोरी," ते म्हणाले. "तवा नुसत्या चपला ऱ्हायलेल्या असायच्या. ही माणसं भात मागत्यात. जरा बघू दे."

मग मी आमची दोन ताटं तिथंच आणली.