फोकसरावांची फिरती पेटी

"तीन मिनिटं! घड्याळ लावून बघा. पेटीचं दार उघडायचं, एक बटण दाबायचं, आणि तिसऱ्या मिनिटाला आपण लाइव्ह!"

हे वाक्य फोकसरावांनी त्या महिन्यात इतक्या जणांना ऐकवलं, की दूधवाला बेल वाजवून पिशवी दारात ठेवायचा आणि दार उघडायच्या आत जिना उतरून पसार व्हायचा.

फोकसराव हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. लोकांच्या समारंभांचं चित्रण करायचं आणि ते घरबसल्या पाहणाऱ्यांना मोबाइलवर थेट दाखवायचं, हा त्यांचा धंदा. दर दोन मिनिटांनी "फोकस इकडे!" म्हणून ओरडायची सवय, तेच नाव चिकटलं. पण प्रत्येक कार्यक्रमाला मिक्सर, माइक, इंटरनेटचं यंत्र आणि पन्नास वायरी जोडता जोडता दीड तास जायचा. एका लग्नात नवरानवरी जेवून हात धुवायला उठली, तेव्हा कुठं यांचं पहिलं चित्र उमटलं! नवरीचा मामा अजून रस्ता बदलून जातो.

तेव्हा फोकसरावांनी ठरवलं, की सगळी यंत्रं एका चाकांच्या पेटीत कायमची बसवायची. वर छोट्या दांड्यावर कॅमेरा, शेजारी छोटा पडदा, आत बॅटरी. वायर एकदाच जोडायची, पुन्हा म्हणून हात लावायचा नाही!

पेटी बनवायला तळमजल्यावरच्या सुताराला बोलावलं.

"पोर्टेबल पाहिजे बरं का," फोकसराव म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे उचलून कुठंही नेता येईल अशी."

"साहेब, उचलून तर हत्तीही नेता येतो. माणसं किती ते सांगा."

सुताराचा हात सढळ. त्यानं अशी मजबूत पेटी ठोकली, की वरून ट्रक गेला असता तर ट्रकलाच पोचा आला असता. तीन आठवडे जेवणाचं टेबल भिंतीला उभं करून ठेवलं होतं. घरातले सगळे मांडीवर ताट घेऊन पेटीकडे बघत जेवायचे.

"दुसरी बायको आणली असतीत तर तिनं कमी जागा घेतली असती," बायको म्हणाली.

पण फोकसराव हवेत होते. पहिलं काम गल्लीच्या टोकाच्या शाळेतलं मिळालं होतं. आंतरशालेय वादविवाद स्पर्धेची अंतिम फेरी, विषय 'थोडं खोटं बोलायला हरकत नाही'. सकाळी अकराची वेळ. मुख्याध्यापिका बाईंनी पालकांना लिंक आधीच पाठवून ठेवली होती. "वेळेवर या," असं त्यांनी फोकसरावांना तीनदा बजावलं होतं, कारण नवरीचा मामा त्यांचा सख्खा भाऊ होता! हे काम बिघडलं असतं, तर त्या घराण्यातलं एकही कार्य फोकसरावांना पुन्हा मिळालं नसतं.

दहा वाजता त्यांनी घरीच शेवटची चाचणी घेतली. बटण दाबलं. तिसऱ्या मिनिटाला पडद्यावर स्वतःचं नाक दिसलं. फोकसराव खूश! त्यांनी भिंतीतली वायर उपसली, पडदा काळा झाला, आणि ते सुताराला म्हणाले, "बंद झाली. चला, उचला!"

आता इथं एक बारीकशी गोष्ट त्यांच्या डोक्यातून निसटली. पडदा तेवढा भिंतीतल्या विजेवर चालत होता. कॅमेरा, माइक आणि इंटरनेट बॅटरीवर होतं. बॅटरी तर त्यांनी खास चार तास पुरेल अशी घेतली होती. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा पाहून माणसं बुजतात, म्हणून त्यावर स्वतःच्या हातानं काळी चिकटपट्टी लावली होती. थोडक्यात, पेटी पूर्ण शुद्धीत होती!

घर तिसऱ्या मजल्यावर. फोकसराव खालच्या बाजूला, सुतार वरच्या. कॅमेऱ्याचं तोंड नेमकं फोकसरावांच्या तोंडासमोर, वीतभर अंतरावर.

"अहो, पाठ गेली!" पहिल्याच वळणावर फोकसराव कळवळले.

"जाऊ द्या, येताना घेऊ," सुतार म्हणाला.

"हसवू नका हो, हात सुटेल!"

"मी कुठं हसवतोय? बरं, एवढी ही वरात कशाला? बाईंना सांगा, मुलांना इकडंच पाठवा."

"बाई? त्या तशा सोन्यासारख्या आहेत हो. पण एकदा भाषणाला उभ्या राहिल्या, की मागच्या रांगेतली मुलं बसल्या जागी पदवीधर होतात!"

दोघंही इतके हसले, की पेटी अर्धा मिनिट कठड्याला टेकवावी लागली. इतक्यात फोकसरावांच्या खिशात फोन थरथरला.

"या वेळी कोण कडमडलं? उचलू नका, म्हणजे मला म्हणतोय मी, उचलू नका!"

फोन पुन्हा थरथरला. मग पुन्हा. खाली पोचेपर्यंत तेरा वेळा.

"खिशात मधमाश्या पाळल्यात का?" सुतारानं विचारलं. मग उंबऱ्याबाहेर पेटी टेकवून तो म्हणाला, "थांबा जरा, पाणी पिऊन आलो. तोवर धरून ठेवा. रस्त्याला उतार आहे."

फोकसरावांनी पेटी फिरवून तोंड शाळेकडं केलं आणि मागचा दांडा धरला. तेवढ्यात वर गॅलरीत बायको आली. केस अर्धे विंचरलेले, हातात मोबाइल, चेहरा पांढराफटक.

"अहो! चालू आहे! चालू आहे!"

"काय चालू आहे?"

"ती! पेटी! चालू आहे!"

"काय?" फोकसरावांनी दोन्ही हात पसरून विचारलं.

दोन्ही हात! वळून बघतात तो पेटी खरोखरच चालू लागलेली!

"अगं हो, दिसतंय मला!" असं ओरडत फोकसराव धावले. आता सुताराची चाकं म्हणजे काय, लोण्यावर सुरी! पेटी रस्त्याच्या मधोमध, कॅमेरा ताठ मानेनं पुढं, आणि मागून फोकसराव. एक सायकलवाला बाजूला झाला. पेपर वाचत चाललेल्या एका आजोबांनी मान वर न करता "जा बाबा, घाईत असशील" म्हणून वाट दिली. शाळेच्या फाटकापाशी पेटी वळायला हवी होती, पण एक चाक डावीकडं ओढत होतं. तिनं समोरच्या सलूनचा पडदा उडवला, सरळ आत शिरली आणि पहिल्या खुर्चीला हलकेच टेकून थांबली.

"नंबर लावा, मागून या!" सलूनवाला पाठमोराच म्हणाला.

खुर्चीत अर्ध्या गालाला साबण फासलेले एक भारदस्त गृहस्थ बसले होते. मोकळ्या कानाला फोन.

"हो हो बाई, निघालोय कधीचा! गाडीतच आहे. काय करणार, सिग्नलला अडकलोय."

हे निवृत्त न्यायाधीश, आजचे प्रमुख पाहुणे! फोनमधून बाईंचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "साहेब, सिग्नलला तुम्हाला साबण कुणी लावला?"

न्यायाधीशांनी फोनकडे पाहिलं. मग कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग त्यांनी सावकाश टॉवेल तोंडावर ओढून घेतला.

फोकसरावांना यातलं काही उमगलं नाही. "माफ करा साहेब, ब्रेकचा जरा घोटाळा झाला," असं म्हणत त्यांनी पेटी बाहेर ओढली, धापा टाकत रस्ता ओलांडला आणि पावणेअकराला शाळेच्या सभागृहाचं दार ढकललं.

चारशे मुलं एकदम मागं वळली. आणि समोरच्या भल्यामोठ्या पडद्यावरही चारशे मुलं वळलेली! पडद्यात सभागृह, त्या सभागृहात पडदा, त्यात पुन्हा सभागृह. फोकसरावांच्या पायाखालची जमीन अशी सरकली, की त्यांना पेटीचाच आधार घ्यावा लागला.

"हे... कधीपासून?" त्यांनी दाराशी उभ्या कारकुनाला विचारलं.

"तुमचं नाक दिसलं तेव्हापासून," कारकून डोळे पुसत म्हणाला. "बाईंनी साडेतेरा फोन केले. साडे अशासाठी, की शेवटच्या वेळी हसू आवरेना म्हणून अर्ध्यात ठेवला."

मागून एका पायात चप्पल घातलेली बायको पोचली. "अहो, चालू आहे म्हणजे लाइव्ह चालू आहे! माझ्या बहिणीनं तिच्या ऑफिसात सगळ्यांना दाखवलं!"

बाई व्यासपीठावर माइकपाशी गेल्या. फोकसरावांना वाटलं, आता आपण भिंतीत जावं आणि वरून रंग मारून घ्यावा.

"एक सूचना," बाई म्हणाल्या. "माझ्या भाषणात मुलं बसल्या जागी पदवीधर होतात, असं आत्ताच एका तज्ज्ञांनी सांगितलं. आपल्या शाळेत दहावीपर्यंतच सोय आहे. तेव्हा मी भाषण करत नाही. स्पर्धा सुरू करू या."

त्या शाळेत इतक्या टाळ्या पूर्वी कधी वाजल्या नव्हत्या! दहा मिनिटांनी पाहुणे आले, दोन्ही गाल गुळगुळीत. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "साहेब, सिग्नल सुटला का?" न्यायाधीश हसता हसता खुर्चीतून घसरायचे राहिले. "विषयाच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी पहिला पुरावा म्हणून मला धरावं," असं ते म्हणाले.

पुढं सगळं लोण्यासारखं पार पडलं. आवाज स्वच्छ, चित्र लख्ख, एक वायर निसटली नाही. निघताना फोकसराव हात जोडून बाईंसमोर उभे राहिले.

"बाई, जिन्यात मी जे बोललो..."

"खरं तेच बोललात," बाई म्हणाल्या. "भाऊ बघत होता. तो म्हणाला, या माणसाला माफ केलं. त्या लग्नानंतर इतका आज पहिल्यांदाच हसलाय."

फोकसराव तरंगत घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू! बायकोनं पहिला उचलला, आणि फोकसराव आरशापुढं उभं राहून तीन मिनिटांचं ते वाक्य घोटू लागले.

"हो, हेच घर. हो, कालचा तो पेटीचा कार्यक्रम दाखवणारे. वाढदिवस आहे? हो, विचारते ना..." बायको बोलता बोलता थबकली. तिनं फोनवर हात ठेवला आणि फोकसरावांकडे पाहिलं.

"काय म्हणतात? तारीख कोणती?"

"ते चित्रणाचं त्यांनी बघितलंय दुसरीकडं," बायको म्हणाली. "निवेदनाला माणूस पाहिजे. ते सुतार मोकळे आहेत का, विचारतायत."